वीसपैकी तेरा

"सर, तुमच्या त्या जुन्या तपासणीत एक गंमत सापडली," नव्या मॅडम हसत हसत म्हणाल्या तेव्हा मी चहात बिस्किट बुडवून धरलं होतं. बिस्किट किती वेळ धरायचं याचा माझा अंदाज अठ्ठावीस वर्षांत, म्हणजे या स्टाफरूममध्ये मी येऊन बसायला लागल्यापासून, एकदाही चुकलेला नाही. मॅडम या वर्षीच गणित विभागात लागल्या. आमच्या कॉम्प्युटर लॅबमधले सगळे प्रश्न नव्या यंत्रणेत हलवायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं, आणि महिनाभर त्या माझ्या जुन्या प्रोग्रॅमच्या ओळी वाचत होत्या. कुणीतरी आपलं हस्ताक्षर वाचतंय याचं मला आतून बरंही वाटत होतं. "समाकलनाच्या प्रश्नांत तुम्ही मुलाचं उत्तर आणि आपलं उत्तर सरळ ताडून बघितलंय. पाच ठिकाणी किमती घालून. पण दोन बरोबर उत्तरांत स्थिरांकाचा फरक असू शकतो ना? तो धरलाच नाहीये. म्हणजे वेगळ्या वाटेने आलेलं बरोबर उत्तरही चूक ठरतं." मी विचारलं, "पहिल्यापासून?" "पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, "पण काळजी करू नका, मी दुरुस्त केलं. एका ओळीचं तर काम होतं." बिस्किट तुटून कपात पडलं, आणि मी बराच वेळ चमच्याने ते शोधत बसलो.

ज्यांचा गणिताशी संबंध शाळेतच सुटला त्यांच्यासाठी सांगतो, कारण ही चूक कळल्याशिवाय माझी लाज कळायची नाही. समाकलन म्हणजे पायऱ्यांवरून जिना ओळखायचा. प्रत्येक पायरी किती उंच ते दिलेलं असतं, त्यावरून अख्खा जिना उभा करायचा. पण जिना तळमजल्यावरून सुरू होतो की पहिल्या मजल्यावरून, ते काही पायऱ्या सांगत नाहीत. म्हणून उत्तराच्या शेवटी 'अधिक सी' लिहायचं. सी म्हणजे कुठली तरी स्थिर संख्या, आपल्याला ठाऊक नसलेली. दोन मुलांनी दोन वाटांनी तेच गणित केलं तर एकाचा जिना तळमजल्यावर येतो, दुसऱ्याचा वर, आणि दोघंही बरोबर असतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर घसा फोडून सांगत आलो. सी लिहिला नाही की एक गुण कापायचा, मग पोरगं रडो की भांडो. पोरं माझ्यामागे मला 'प्लस-सी' म्हणतात, आणि ते मला ठाऊक नाही असं मी दाखवतो. तर या प्लस-सीने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सी सोडला होता. कसा सोडला तेही मला तिथल्या तिथे आठवलं. पोरांनी चौकटीत ते अक्षर टाइप केलं की प्रोग्रॅम अडखळायचा, त्याला वाटायचं ही आणखी एक चलसंख्या. म्हणून लॅबच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर ठळक लिहिलं होतं की इथे सी लिहायचा नाही. अक्षर गाळलं आणि अक्षराबरोबर त्याचा अर्थही गाळला. मग यंत्राला एकच जिना ठाऊक राहिला, माझा.

"जुनी उत्तरं सगळी शाबूत आहेत, सर," मॅडम म्हणत होत्या. "चौदा-पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिकल परीक्षांची. नव्या तपासणीतून फिरवून बघू का, किती जणांचं चुकलं ते? लेख होईल एखादा." मी "नको" म्हणालो. ते इतक्या जोरात निघालं की पलीकडच्या टेबलावर पेपर तपासणाऱ्या भौतिकशास्त्रवाल्यांनी मान वर केली. "म्हणजे, मी बघतो. माझंच आहे ते," असं काहीतरी पुटपुटून मी उठलो. दर वर्षी असे दोन-चार तरी निघाले असतील. चौदा वर्षांत पन्नास, साठ. ते सगळे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर यायला हवे होते, पण खरं सांगायचं तर मला एकच चेहरा दिसत होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा. लहानपणी ती पेन्सिलीची मागची टोकं कुरतडायची, म्हणून मीच तिला 'खारू' म्हणायला लागलो आणि पुढे सगळं घर म्हणायला लागलं.

लॅब रिकामी होती. एके काळी ही रसायनशास्त्राची अडगळीची खोली. अजून पावसाळी हवेत भिंतीतून एक आंबूस वास येतो. बावीस मशिनं, त्यांतली एकोणीस चालू. ही खोली मिळवायला मी तीन वर्षं प्राचार्यांच्या दारात उभा राहिलो होतो. जुने सहकारी म्हणायचे, गणिताला कशाला हवीत यंत्रं, खडू आहे, फळा आहे. मी हट्टाला पेटलो होतो, कारण मला एक गोष्ट पोरांना दाखवायची होती जी खडूने दाखवता येत नाही. पडद्यावर एक वक्ररेषा काढायची, तिच्यावरचा एक बिंदू धरायचा आणि मोठं करत जायचं. दसपट, शंभरपट, हजारपट. वळण सपाट होत जातं आणि शेवटी पडद्यावर एक सरळ रेघ उरते. पहिल्या वर्षीच्या पोरांच्या तोंडून त्या क्षणी जो आवाज निघाला होता, तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला आवाज. एका रविवारी मी खारूलाही इथे आणलं होतं. बारा वर्षांची असेल. मी वक्ररेषा मोठी करत नेली, सरळ करून दाखवली आणि शाबासकीची वाट बघत तिच्याकडे वळलो. ती भुवया आक्रसून पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सगळीकडे सरळच आहे, तर मग वाकतं कुठे?" मी खो खो हसलो. पुढे वर्षभर जो भेटेल त्याला तो प्रश्न सांगत सुटलो. माझी भाची, माझी भाची असं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला दिल्याचं आठवत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, मोठी होऊन ती माझ्याकडेच शिकायला येईल तेव्हा सावकाश सांगू.

लॅब चांगली चालली आहे असं दिसलं की त्यातून परीक्षा काढायची बुद्धी कुणाला तरी होतेच. ती मलाच झाली. हाताने शंभर पोरांचे पेपर तपासण्यापेक्षा यंत्राने तपासावेत, निकाल तिथल्या तिथे पडद्यावर यावा, कुणाची वशिलेबाजी नको, कुणाचं सुंदर अक्षर नको. मी रात्रंदिवस खपून प्रश्नांची पेढी केली. दारावर पाटी लावली, 'कागद-पेन बाहेर ठेवावेत'. कॉपी होऊ नये हे त्यातलं सांगायचं कारण. खरं कारण असं की कागद दिसला की पोरं पुन्हा जुन्या सवयीने पायऱ्या लिहीत बसतात, आणि मला त्यांना त्या हमालीतून सोडवायचं होतं. तोंडी करा, डोक्यात करा, पडद्यावर बघा. दोन वर्षांत निकाल एकसष्ट टक्क्यांवरून चौऱ्याऐंशीवर गेला. त्याचा आलेख काढून मी एका परिषदेत भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. आज लक्षात येतंय तो आलेख कशाचा होता. सरावाच्या तासांना पोरं एक उत्तर टाकायची, लाल आलं की दुसरं, मग तिसरं, हिरवं येईपर्यंत. कुठल्या धाटणीचं उत्तर यंत्राच्या पसंतीला उतरतं हे ती बिचारी बरोबर शिकली. गणित शिकली की नाही ते मी कधी विचारलंच नाही. चौऱ्याऐंशी टक्के माणसाला असं कुणी विचारतही नाही.

खारू आमच्याच कॉलेजात आली तेव्हा मी तिला आणि माझ्या बहिणीला समोर बसवून सांगितलं होतं, कॉलेजात मी मामा नाही. तिथे 'सर' म्हणायचं. माझ्या केबिनमध्ये यायचं नाही. आणि लॅबमध्ये नेमलेल्या तासाखेरीज, सरावालाही, पाऊल टाकायचं नाही, नाहीतर लोक म्हणतील मामा भाचीला आतून प्रश्न दाखवतो. बहीण माझ्याकडे डोळे भरून बघत होती. आमचे वडील गेले तेव्हा ती लहान होती, तिच्या लेखी मीच वडील, मीच काय तो शहाणा. खारू एवढंच म्हणाली, "बरं, सर." आणि हसली. तिने ते तंतोतंत पाळलं. बाकीची पोरं संध्याकाळी सहापर्यंत लॅबमध्ये लाल-हिरवं खेळत असायची, आणि ही घरी वहीत गणितं सोडवायची. तिला पुढे गणितातच शिकायचं होतं, खूप पुढे. सगळ्या विद्यापीठातून वीस जण घ्यायचे त्या खास वर्गाचा अर्ज तिने भरून ठेवला होता. प्रॅक्टिकलला पास व्हावं लागतं एवढीच अट राहिली होती, आणि ती अट म्हणजे आमच्या घरातला एक विनोद होता. मी आणखी एक नियम स्वतःला घातला होता. परीक्षेचा महिना आणि निकाल लागेपर्यंत बहिणीच्या घराची पायरी चढायची नाही. दर रविवारी जाणारा मी, गेलोच नाही. या नियमाचा मला अभिमान होता. घरी आरशासमोर दाढी करताना मी स्वतःकडे कौतुकाने बघायचो, हे आता कबूल करायला काय हरकत आहे.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. उंच, सडसडीत, सतत घड्याळ बघणारे. वीस प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चौदाला पास. वेळ संपली की प्रत्येकाच्या पडद्यावर एकदम गुण उमटायचे, कुठल्या प्रश्नाला हिरवं, कुठल्या प्रश्नाला लाल. मी मागे हात बांधून रांगांमधून फिरत होतो. खिडकीजवळच्या तिसऱ्या मशिनवर हात वर झाला. मी गेलो. तिच्या पडद्यावर तेरा. सात लाल. ती घाबरलेली नव्हती. हे मला आज इतकं स्पष्ट दिसतंय, तेव्हा का दिसलं नाही? तिचे डोळे चमकत होते, काहीतरी सापडल्यावर चमकतात तसे. ती म्हणाली, "सर, एक कागद मिळेल का? दोनच मिनिटं. मी तुम्हाला दाखवते." परीक्षकांनी मान वळवली. ही माझी भाची आहे हे त्यांना प्राचार्यांनी सकाळीच सांगितलेलं, अख्ख्या वर्गाला ठाऊक. मला त्या खोलीतले सगळे डोळे पाठीला जाणवले. मी म्हणालो, "इथे कागद नसतो. काय दाखवायचं ते यंत्राला दाखव." पोरं हसली. परीक्षकही गालातल्या गालात हसले आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला ते हसू आवडलं. चौदा वर्षं मी ही आठवण नियमाची, कर्तव्याची म्हणून जपली. पण त्या वेळी मला नेमकं काय वाटलं होतं, तर बोललेलं वाक्य बरं जमलं असं वाटलं होतं. खारूने हात खाली घेतला. मशीन बंद केलं, खुर्ची आत सरकवली आणि दाराबाहेरच्या ढिगातून आपलं पेन उचलून निघून गेली.

आता मी त्याच खिडकीजवळ बसलो. इतक्या वर्षांत मी विद्यार्थ्याच्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. खुर्ची ठेंगणी आहे, पडद्याकडे मान वर करून बघावं लागतं. जुन्या परीक्षांच्या यादीत तिचा क्रमांक शोधायला वेळ लागला नाही, कारण तो मला पाठ होता. वीस उत्तरं ओळीने आली. पडताळायला कागद हवा होता आणि माझ्याच नियमाने त्या खोलीत कागदाचा कपटाही नव्हता. शेवटी बाहेरून हजेरीपत्रक आणून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली. सातवा प्रश्न. मी शिकवलेल्या वाटेने गेलं की उत्तर साइनच्या वर्गात येतं, सगळी पोरं तसंच आणतात. खारूने आधी दोन पदं एकत्र करून एक केलं होतं आणि निम्म्या मेहनतीत कोसाइनवर आली होती. तिचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा बरोबर अर्ध्याने कमी. पहिल्या ठिकाणी अर्ध्याने, दुसऱ्या ठिकाणी अर्ध्याने, पाचही ठिकाणी अर्ध्याने. नववा तसाच. अकरावा तर इतका सुंदर होता की मी पेन्सिल खाली ठेवली. मला ती युक्ती सुचली नसती. आजही सुचली नसती. सातही प्रश्नांत ती माझ्या वाटेने गेली नव्हती, आणि सातही ठिकाणी ती बरोबर होती. वीसपैकी वीस. बावीस मशिनांच्या त्या खोलीत वीसपैकी वीस त्या वर्षी दुसऱ्या कुणालाच नव्हते, तेही मी बघून घेतलं. का बघितलं कोण जाणे. कदाचित मामा म्हणून.

एका गुणाने तिची जागा गेली. फेरपरीक्षा वर्षाने होती, तिने दिली नाही. मी निकालानंतर बहिणीच्या घरी गेलो तेव्हा तिथे शेजारपाजारचे जमलेले, आणि बहीण सगळ्यांना सांगत होती, "एक गुण हो! एका गुणाचा प्रश्न होता. पण माझ्या भावाने सख्ख्या भाचीलासुद्धा वाढवून दिला नाही. असा माणूस शोधून सापडायचा नाही." मग खारूकडे वळून, "अभ्यास केला असता तर ही वेळ आली असती का? मामाचं नाव घालवलंस." खारू सगळ्यांना चहा देत होती. मला कप देताना तिने एकदा वर बघितलं. मी नजर कपात घातली. लोक माझं कौतुक करत होते आणि त्या कौतुकाला धक्का लागेल असं काही त्या घरात त्या दिवशी मला करायचं नव्हतं. पुढे ती चष्म्याच्या भिंगांचं काम शिकली, नोकरी केली, मग स्वतःचं छोटं दुकान टाकलं. वाईट झालं का? नाही. गिऱ्हाइकं लांबून येतात, म्हणतात हिच्या हातचा चष्मा डोक्याला लागत नाही. माझेही चष्मे तीच करते. बहीण ती गोष्ट चौदा वर्षं सांगत आली आहे, लग्नांत, बारशांत, दवाखान्याच्या बाकावर. दर वेळी मी "अगं, पुरे" म्हणतो, पण उठून जात नाही.

मॅडमना निरोप न देताच मी बाहेर पडलो. दुपारचे तीन वाजले असतील. रस्ता दोन्ही बाजूंनी खणलेला होता, फळ्या टाकून माणसं दुकानांत ये-जा करत होती. मी चालता चालता वाक्यं जुळवत होतो. 'खारू, एक तांत्रिक चूक झाली होती.' छे. 'खारू, तुला ऐकून बरं वाटेल.' बरं वाटेल? कुणाला? एका फळीवर पाय ठेवताना मनात आलं की सांगितलंच नाही तर? ती विसरली असेल. तिला वाटत असेल आपण चुकलो, आणि माणूस आपल्या चुकीशी जमवून घेतो, घर बांधून राहतो तिच्यात. आज मी जाऊन सांगायचं की बाई, ती चूक तुझी नव्हतीच, मग तिच्या चौदा वर्षांना आधार कशाचा? हा विचार मला फार उदात्त वाटला. मग ओळखीचा वाटला. निकालाच्या दिवशी कपात बघताना मी असंच काहीतरी उदात्त मनाशी बोललो होतो. मागून एक हमाल ओरडला, "काका, सरका की, का इथेच मुक्काम?" मी सरकलो आणि झपझप चालायला लागलो.

चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये तिचं दुकान आहे, खोलीभर रुंद. खारू काउंटरमागे बसून भिंगाची कड घासत होती. मशीनचा बारीक आवाज, वर पाण्याची धार. मला बघून तिने पायाने मशीन थांबवलं. तेहतीस वर्षांची झाली आहे, एक पांढरा केस कानामागे खोचलेला असतो. "ये मामा. दांडी ढिली झाली का परत? तू चष्मा एका हाताने काढतोस, शंभरदा सांगितलं." मी स्टुलावर बसलो. जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"खारू, तुझी ती परीक्षा. प्रॅक्टिकलची. तुझी सगळी उत्तरं बरोबर होती. मी तपासणीत स्थिरांक धरला नव्हता."

तिने हातातलं भिंग पुसलं, उजेडात धरून बघितलं आणि कागदाच्या पाकिटात सरकवलं. मग म्हणाली, "सातवा, नववा, अकरावा, बारावा, पंधरावा, अठरावा आणि विसावा."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत आहे मला."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. लाल दिसलं तेव्हाच. नेमकी तीच सात लाल का, असा विचार केला, एका मिनिटात कळलं. मला इतकं हसू येत होतं मामा! म्हटलं, प्लस-सी आपलाच सी विसरले."

"मग सांगितलं का नाहीस?" हे मी विचारलं. खरंच विचारलं.

"कागद मागितला होता की."

रस्त्यावरून एक गाडी मागे येत होती, तिची शिट्टी वाजत होती. शिट्टी थांबली. मग मी म्हणालो, "नंतर? घरी?"

"नंतर तू महिनाभर आलाच नाहीस. मी वहीत सगळं नीट लिहून ठेवलं होतं. आलास त्या दिवशी ती वही आतल्या खोलीत पलंगावर उघडी ठेवली होती. पण आई तुझं कौतुक सांगत होती, आणि तू ऐकत होतास. मला वाटलं, आता चहा झाला की हा विचारेल, काय दाखवायचं होतं गं तुला? तेवढंच. नाही विचारलंस." तिने खांदे उडवले. "मग वाटलं, ज्याला बघायचंच नाही त्याला काय दाखवायचं. आणि ज्या विषयात असं चालतं तो विषयही नको झाला. एकोणीस वर्षांची होते. त्या वयात राग फार सरळ असतो."

मी पुष्कळ बोललो त्यानंतर. विद्यापीठाला पत्र लिहितो, निकाल बदलून घेतो, प्राचार्यांना सांगतो, माझ्या नावानिशी चूक जाहीर करतो. ती ऐकत होती आणि माझा चष्मा माझ्या नाकावरून काढून त्याची दांडी आवळत होती. चष्म्याशिवाय तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, ते बरंच झालं. "तेराचे वीस करून मी काय करू, दुकानात लावू?" ती म्हणाली. आवाजात हसू होतं, पण वरवरचं. "पत्र त्या बाकीच्या पोरांसाठी लिही, ज्यांना अजून वाटतंय की आपण ढ आहोत. माझ्यासाठी काही करायचंच असेल तर..." ती थांबली. चष्मा माझ्या हातात दिला. "आईला सांग. तिला अजून वाटतं मी अभ्यास केला नव्हता. परवासुद्धा म्हणाली. मी सांगितलं तर तिला पटणार नाही. तू म्हणालास तर पटेल. तेवढं एक मला हवंय, मामा. खूप वर्षं हवंय."

इतकं साधं मागणं होतं. मी लगेच फोन काढला. डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून मी फोन नेहमीच स्पीकरवर लावून समोर ठेवतो, तसा काउंटरवर ठेवला. खारूने उठून दुकानाचं काचेचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन माझ्या समोर उभी राहिली.

"दादा? आत्ता कसा काय फोन? कॉलेज नाही आज?" बहिणीचा आवाज. मागे नळ चालू होता.

"आहे. तुला एक सांगायचं होतं. खारूच्या परीक्षेचं. ती एका गुणाने गेली होती ती."

"त्याचं आता काय?"

"ती नापास नव्हती. तिची वीसच्या वीस उत्तरं बरोबर होती. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, ती मला आज कळली."

नळ बंद झाला. खारूची बोटं काउंटरच्या कडेवर घट्ट होती.

"म्हणजे कॉम्प्युटरची चूक," बहीण म्हणाली.

"कॉम्प्युटरची नाही गं. माझी. प्रोग्रॅम मी लिहिला होता. आणि तिने दाखवते म्हटलं तेव्हा मी बघितलं नाही."

"तू कसा बघणार? भर परीक्षेत बघतात का कुणाचं? तू नियमाने वागलास. दादा, दुसरा कुणी असता ना, तर मूग गिळून गप्प बसला असता. चौदा वर्षांनी कोण येतं कबूल करायला? तू पहिल्यापासून असाच, सगळं स्वतःवर ओढून घेणारा."

"अगं, ऐक. मुद्दा तो नाही. तिने अभ्यास केला होता. ती सगळ्यांत हुशार होती. आपण तिला..."

"हो रे, कळलं मला. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. तिचं काय वाईट झालंय? दुकान आहे, हातात काम आहे. जे होतं ते बऱ्यासाठीच." मग तिने आवाज खाली आणला. लहानपणी आईपासून काही लपवायचं असलं की ती असाच आवाज करायची. "दादा, एक माझं ऐक. हे तिला मात्र सांगू नकोस. आता कुठे ती ते विसरलीय. मनाला लावून घेईल, आणि तुझ्याविषयी तिच्या मनात काही यायला नको. मला ते सोसायचं नाही. नाही ना सांगणार?"

मी तिच्या दुकानातून बोलतोय, ती समोर उभी आहे, हे म्हणायला एक श्वास पुरला असता. खारू आता फोनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी काय म्हणतो याची वाट बघत होती.

"नाही सांगत," मी म्हणालो.